मालक दुरुस्ती करत नाहीत. भाडेकरूंनी केली तर चालते का? (पुण्यातला जुना वाडा)

माडीवरची

नमस्कार. कसबा पेठेतला वाडा, पहिला मजला, दीड खोली आणि कोपऱ्यात मोरी, एवढं आमचं बिऱ्हाड. जागा सासऱ्यांनी पागडी भरून, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन, भाड्याने घेतलेली. ते गेल्यावर पावत्या सासूबाईंच्या नावाने होतात. भाडं महिना १८० रुपये. आकडा वाचून हसू येईल, मालकांनाही येतं. काही सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं: "एकशे ऐंशी रुपयांत तुळया बदलून देऊ का वहिनी?"

तर प्रश्न तुळईचाच आहे. आमच्या मोरीखालची, म्हणजे तळमजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरावरची. मोरीचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीत मुरतंय. तुळईचं जे टोक भिंतीत गेलंय तिथून भुगा पडतो. काकू सकाळी ओटा पुसतात तेव्हा रोज थोडा निघतोच. आमच्या जमिनीचा मोरीकडचा उतार वाढलाय. पूर्वी फरशी धुतली की पाणी खराट्याने लोटावं लागायचं, आता आपलं आपण जातं. सासूबाईंना ही सोय वाटते, मला रात्री झोप लागत नाही.

जिन्याची तिसरी पायरी अर्धी गेलीय. धरायला कठडा नाही, वरून सोडलेला दोर आहे, जुन्या वाड्यांत असतो तसा. जिन्यातला दिवा मालकांच्या मीटरवर होता. तो मीटर त्यांनी गेल्या वर्षी बंद करून घेतला. तेव्हापासून अंधार पडला की सगळे मोबाइलच्या उजेडात चढतात. त्याच जिन्याखाली सगळ्यांचे मीटर, लाकडी फळीवर, किटकॅट फ्यूजसकट. मागची भिंत ओली. पावसाळ्यात फळीला हात लागला की झिणझिण्या येतात.

मूळ मालक वारले. वारस चार. पुण्यात एकच, भाडं तेच घेतात. बाकीच्यांच्या सह्या झाल्याशिवाय आपण खिळाही ठोकू शकत नाही असं म्हणतात. मधे दोन माणसं येऊन फुटपट्टीने अंगण मोजून गेली, ती कोण ते कोणी सांगत नाही. परवा मी जरा आवाज चढवला तर म्हणाले, "महापालिकेत तक्रार करा की, मी कुठे अडवलंय?" इतक्या आनंदाने म्हणाले की मीच घाबरले.

वाड्यात सहा बिऱ्हाडं उरली आहेत. सुताराने तुळई आणि जिना मिळून ६५ हजारांच्या आसपास सांगितलंय. आम्ही वर्गणी काढून काम केलं तर मालक हरकत घेऊ शकतात का? पैसे भाड्यातून वळते करता येतात म्हणे, ते कसे? महापालिकेत जावं की जाऊ नये? आणि पावसाळ्यापुरतं सासूबाईंना नणंदेकडे पाठवून आम्हीही कुठे राहिलो तर जागेवरचा हक्क जातो का? वकिलाकडे जाणारच आहे, पण आधी काय विचारायचं ते तरी कळू दे.


रोखठोक

सोपं आहे. सहाही जणांनी भाडं बंद करा. चार महिने पैसा गेला नाही की वारसांच्या सह्या आपोआप होतात. मालकाला दुसरी कुठलीही भाषा कळत नाही.


पागोळी

रोखठोक, राग समजतो, पण हा सल्ला कोणीही पाळू नका. पागडीच्या जागेतला भाडेकरू जोवर भाडं देतोय किंवा द्यायला तयार आहे, तोवर कायदा त्याच्या बाजूला उभा असतो. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १५ तेच सांगतं. भाडं थकवलं की मालकाच्या वकिलाचं अर्धं काम आपणच करून दिलं. थकबाकीवरून दावा लावायला त्यांना लेखी मागणी करून ९० दिवस थांबावं लागतं, समन्स मिळाल्यावर व्याजासह पैसे भरायलाही ९० दिवस मिळतात, हे खरं. पण ज्या वाड्यावर बिल्डरची नजर आहे तिथे दाव्याला आमंत्रण द्यायचं कशाला? एकशे ऐंशी रुपये महिन्याच्या महिन्याला द्या. पावती मागा, ती न देणं हा मालकाचा दंडनीय अपराध आहे. घेत नसतील तर मनीऑर्डर करा आणि 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आली की ती चिठ्ठी जिवापाड जपा. कोर्टात ती चिठ्ठी पावतीइतकंच काम करते.

आता ताई, तुमचं. मी स्वतः वाड्यातला भाडेकरू, शनिवारातला. आमचं प्रकरण शिवाजीनगरला लघुवाद न्यायालयापर्यंत गेलं होतं, त्यामुळे ही कलमं मला नको तितकी पाठ आहेत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ (लागू ३१ मार्च २००० पासून) यातलं कलम १४ तुमच्यासाठीच आहे. भाडेकरूने उलट काही लिहून दिलेलं नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं ही मालकाची जबाबदारी. त्यात भाडं किती हा मुद्दा कुठेच येत नाही, म्हणून 'एकशे ऐंशीत तुळई' हे वाक्य त्यांनी कितीही वेळा म्हटलं तरी कोर्टात त्याला किंमत नाही. दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने एकट्याने किंवा सगळ्यांनी मिळून निदान १५ दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतर वाजवी वेळेत मालक हलले नाहीत तर दुरुस्ती आपण करून खर्च भाड्यातून वळता करायचा किंवा अन्य मार्गाने वसूल करायचा. एकत्र काम केलं तर ज्याच्या त्याच्या भाड्याच्या प्रमाणात वाटणी, वर १५ टक्के सरळ व्याज.

इथपर्यंत वाचून माणूस खूश होतो. मग पुढचं परंतुक येतं: कोणत्याही वर्षात वळती केलेली किंवा वसूल केलेली रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त असता कामा नये.

हिशेब करा. तुमचं वर्षाचं भाडं २,१६०. चौथा हिस्सा ५४० रुपये. सहांची भाडी सारखी धरली तर ६५ हजारांत तुमचा वाटा १०,८३३. त्यावर १५ टक्क्यांनी वर्षाचं व्याजच १,६२५ होतं. म्हणजे वर्षाला ५४० कापत राहिलात तर व्याजसुद्धा फिटत नाही, मुद्दल तर बाजूलाच. पैसे परत येतील या आशेवर वर्गणी काढू नका, आणि बाकीच्या पाच घरांनाही तशी आशा लावू नका, नाहीतर दुसऱ्या वर्षी भांडणं मालकाशी नाही, आपापसात होतील. आमच्याकडे झाली.

मग कलम १४ चा उपयोग काय? मालकाच्या होकारावाचून दुरुस्तीला हात लावायचा हक्क त्यातून मिळतो. वारसांच्या सह्या होवोत न होवोत, नोटीस जाऊन मुदत उलटली की काम सुरू करता येतं. शिवाय त्याच कलमात म्हटलंय की भाडेकरूंनी ठेवलेला हिशेब आणि पावत्या हा खर्चाचा निर्णायक पुरावा, मालकावर बंधनकारक. उद्या वाडा विकसनाला गेला आणि वाटाघाटीला बसलात तर 'यांनी वाड्यासाठी काय केलं' या प्रश्नाला ती फाइल पुरते. लाकडाच्या वखारीची पावती, सुताराची सही, सगळं दुकानाच्या छापील बिलावर घ्या. वहीतल्या चिठोऱ्या नकोत.

नोटीस चारही वारसांना जायला हवी. पत्ते मिळत नाहीत ही अडचण सगळीकडची आहे. मिळकतकराच्या बिलावर कोणाचं नाव आहे बघा, आणि नगर भूमापनचं मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा. वारस नोंद झाली असेल तर नावं तिथे दिसतील. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर पोचपावतीसह पाठवायचंय असं स्पष्ट सांगा. नोटीस सासूबाईंच्या सहीने, कारण भाडेकरू त्या आहेत. तुमची सही शेजारी चालेल, एकटी नको. मजकूर साधा ठेवा: कोणत्या खोलीत काय मोडलंय, कधीपासून, कोणाला काय धोका. मालकाच्या स्वभावाचं वर्णन गाळा. ते लिहायचा मोह फार होतो.

काम करताना एक जपा. दुरुस्ती म्हणजे जे होतं ते पूर्ववत करणं. लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर कलम १६ खाली जागा खाली करून मागायला मालकाला कारण मिळतं. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी खिडकी असल्या गोष्टी कायद्यानेच त्यातून वगळल्या आहेत. पण 'आता काम काढलंच आहे तर मातीची भिंत पाडून विटांची करू, मोरीवर स्लॅब टाकू' असं कोणाच्या डोक्यात आलं तर तिथेच थांबवा.

जिन्यातल्या दिव्याचं उत्तर वेगळं आहे आणि ते तुमच्या फारच फायद्याचं आहे. कलम २९. सबळ कारणाशिवाय मालकाला अत्यावश्यक सेवा तोडता येत नाही, आणि अत्यावश्यक सेवा म्हणजे काय ते तिथेच लिहिलंय: पाणी, वीज, बोळातले आणि जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई. जिन्यातले दिवे हे शब्द कायद्यात आहेत! मालकाने स्वतः काही तोडलं नाही पण त्याच्या कृतीमुळे किंवा हयगयीमुळे पुरवठा बंद झाला, तरी ते तोडणंच धरतात. मीटर बंद करून घेणं त्यात चपखल बसतं. लघुवाद न्यायालयात अर्ज करता येतो, कोर्ट तारीख देऊन दिवा सुरू करायला सांगतं, न केल्यास दिवसाला १०० रुपयांपर्यंत दंड. तुळईच्या नोटिशीतच दिव्याचा परिच्छेद घाला. आमचे मालक तुळईला बधले नव्हते, दिव्याच्या अर्जाला मात्र पहिल्या तारखेला हजर.

महापालिकेबद्दल दुपारी लिहितो. त्यावर घाईत लिहिण्यासारखं नाही.


अकरामहिने

मधेच घुसतो, माफ करा. मी पागडीवाला नाही, साधा लिव्ह अँड लायसन्सवाला. बाथरूमच्या गिझरला शॉक लागतो, मालक म्हणतात करारात 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे' आहे. कलम १४ मला लागू होतं का?


पागोळी

नाही होत. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस त्या कायद्याच्या व्याख्येत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो, आणि त्याची भिस्त करारावर. पण अगदी उघड्यावर नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२, कलम ५७: जागेतला धोकादायक दोष मालकाला माहीत आहे आणि तुम्हाला नाही, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक. कलम ५८: जागा धोकादायक होईल असं काही त्याने करायचं नाही. आधीच्या माणसालाही शॉक लागत होता का, ते शेजाऱ्यांना विचारा. आणि शॉक लागणं किरकोळ दुरुस्तीत बसवणारा मालक कराराच्या नूतनीकरणात आणखी काय बसवेल याचा विचार करा. करार नोंदवलाय ना? भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी ही मालकाची जबाबदारी. नोंदवला नसेल तर अटींबाबत तुम्ही म्हणाल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. गिझर तोवर बंद ठेवा. वायरिंगचं ओळंबा सांगतील, ते इथे असतात.


ओळंबा

आहे, वाचतोय. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, जुन्या लाकडी घरांची कामं जास्त.

ताई, कायद्याचं पागोळींनी सांगितलं, पण पंधरा दिवसांच्या नोटिशीची मुदत तुळईला माहीत नसते. टेकू आज-उद्या लावा. टेकू तात्पुरता असतो, त्याने मालकाच्या मालमत्तेचं काही बिघडत नाही, आणि त्यासाठी कोणाची सही लागत नाही.

तुळईचं भिंतीत गेलेलं टोकच आधी कुजतं, कारण तिथे ओल असते आणि वारा नसतो. बाहेरून लाकूड धडधाकट दिसेल. काकूंना म्हणावं, स्टुलावर चढून भिंतीलगत एक जुना स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, आणि मग खोलीच्या मधोमध तसाच दाबा. मधे टोक नुसतं टेकेल. भिंतीलगत ते लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर त्या टोकाने भार सोडलाय आणि वरचा कडीपाट, म्हणजे लाकडी तक्तपोशी, शेजारच्या कड्यांच्या जिवावर उभा आहे. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसतायत का तेही बघा, ती वाळवी. रोज भुगा पडतो म्हणालात. पिठासारखा असेल तर बहुधा किडा, ओलसर तपकिरी तुकडे असतील तर कूज. दोन्हींचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

टेकू लावताना लोक हमखास एक चूक करतात: वासा सरळ फरशीवर उभा करतात. वर भार आला की फरशी फुटून वासा खाली जातो. खाली जाड फळी, वर तुळईला आडवी फळी, मधे लोखंडी जॅकचा प्रॉप, भिंतीपासून हात-दीड हात अंतरावर, म्हणजे कुजलेल्या टोकाच्या अलीकडे, चांगल्या लाकडाखाली. आणि जुना वाडा आहे, तर काकूंच्या स्वयंपाकघरात जमिनीखाली बळद (धान्य साठवायची कोठी) किंवा तळघर नाही ना, याची आधी खात्री करा. बळदाच्या झाकणावर उभारलेला टेकू मी पाहिलाय. दिसायला फार भक्कम होता.

मोरीत पाणी ओतणं आजपासून बंद. ही एक गोष्ट पैसे न घालता होते आणि सगळ्यात जास्त उपयोगाची आहे. माडीवर त्या बाजूचं कपाट, पाण्याचं पिंप, धान्याचे डबे पलीकडच्या भिंतीकडे न्या.

सुताराचा अंदाज ठीक वाटतो, पण त्यात भिंत धरली आहे का विचारा. नवी तुळई ओल्या मातीच्या भिंतीत बसवली तर तीही त्याच वाटेने जाईल. गळती आधी काढा, भिंत वाळू द्या, टोकाखाली दगडाची बैठक द्या, टोकाभोवती थोडी हवा खेळू द्या. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र करू नका. आतली ओल कोंडते आणि वर्षा-दोन वर्षांत गिलावा पाठीवरची माती घेऊनच खाली येतो. चुन्याचा करा, करणारे गवंडी कमी आहेत, पण आहेत.

मीटरची फळी: झिणझिण्या येतात म्हणजे कुठेतरी गळती आहे आणि ओल्या भिंतीतून ती वाट शोधतेय. परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून लेखी घ्या. किटकॅट फ्यूजमध्ये कोणी जाड तार घातली असेल तर फ्यूज असून नसल्यासारखा. तुमच्या घरापुरता ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या, अकरामहिने यांनीही. गळतीचा करंट त्यापलीकडे जायच्या आत तो वीज तोडतो. अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात तर तो हवाच, पण त्यामुळे अर्थिंगची गरज संपत नाही. मालक ऐकत नसतील तर राज्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते. त्यांचा अहवाल लघुवाद कोर्टातही वजनदार ठरतो. वीज जोडणी मागायचा हक्क वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे मालकाइतकाच जागेत राहणाऱ्यालाही आहे, हेही लक्षात असू द्या.

दार अचानक घट्ट बसायला लागलं, जुन्या तड्याच्या कडा ताज्या दिसायला लागल्या, रात्री लाकडाचा आवाज किंवा मातीची सरसर ऐकू आली, तर नोटीस-बिटीस सोडून अंगणाबाहेर पडा. सामान आवरायला थांबू नका.


पागोळी

महापालिकेचं.

मालक आनंदाने 'तक्रार करा' का म्हणाले ते तुम्हाला कळलंय, म्हणूनच तुम्ही घाबरलात. धोकादायक बांधकामाबाबत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्त नोटीस देऊ शकतात: पाडा, दुरुस्त करा, आधार द्या. रिकामी करायला लावायचा अधिकार कलम २६८ मध्ये. पाहणीनंतर इमारतीला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे राहण्यास अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून किंवा काही भाग पाडून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ किरकोळ. बिल्डर ठरलेला मालक सी-१ ची वाट बघत असतो, कारण पोलीस बंदोबस्तात वाडा रिकामा होतो आणि दावा वर्षानुवर्षं चालवावा लागत नाही. त्यासाठी मुद्दाम पाणी मुरू देणारे मालक मी पाहिलेत. तुमचे तसे आहेत असं म्हणत नाही.

म्हणून महापालिकेत जायचंच नाही का? जायचं, पण रिकाम्या हाताने नाही. आधी महापालिकेच्या यादीवरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तुमचा अहवाल घ्या. वाडा कोणत्या भागात खराब आहे, टेकू आणि दुरुस्तीने किती वर्षं काढू शकतो, हे त्यात स्पष्ट हवं. तो अहवाल आणि मालकाला दिलेल्या नोटिशीची प्रत जोडून अर्ज करा, आणि मागणी 'दुरुस्तीचा आदेश द्या' अशी करा. 'वाडा धोकादायक आहे, कारवाई करा' असं मोघम लिहाल तर कोणती कारवाई हे ते ठरवतील. ३० वर्षांहून जुन्या इमारतीच्या संरचनात्मक स्थैर्याचा दाखला देण्याची तरतूदही याच अधिनियमात, कलम २६५ए मध्ये आहे. मालकांनी तो दिलाय का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. बहुतेक दिलेला नसतो आणि ते कागदावर आलेलं बरं.

आणि अहवालच सी-१ म्हणाला तर? मग मात्र कायद्याचं डोकं बाजूला ठेवून बाहेर पडायचं. मुंबईत भेंडी बाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला पडली, तीसहून जास्त माणसं गेली. धोक्याची कल्पना सगळ्यांना होती. जागा सोडली की हक्क जाईल ही भीती माणसांना अशा घरात धरून ठेवते, आणि ती भीती कायद्याला धरून नाही. वाडा महापालिकेने पाडला तरी भाडेकरूपण संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या निकालात सांगितलंय. खालच्या जमिनीवरचा भाडेकरूचा संबंध टिकतो. फक्त बाहेर पडण्याआधी तुमच्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप महापालिकेकडून लेखी घ्या. दीड खोलीची एक खोली व्हायला वेळ लागत नाही.

पावसाळ्यापुरतं बाहेर राहण्याचं: भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६(१)(एन) प्रमाणे जागा सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरली नाही तर मालक खाली करून मागू शकतात. तुमचं कारण सबळ आहे, पण ते आधी कागदावर आणा. 'तुळई धोकादायक असल्याने आणि तुम्ही दुरुस्ती करत नसल्याने तात्पुरतं दुसरीकडे राहत आहोत, ताबा सोडलेला नाही' असं चारही वारसांना कळवा, प्रत महापालिकेला. कुलूप तुमचं, सामान आत, वीजबिल चालू, भाडं चालू, मधूनमधून जाऊन यायचं. चावी कोणालाही द्यायची नाही, 'फक्त सुतार येणार आहे' म्हणाले तरी.

शेवटचा मार्ग म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३). पडायला झालेल्या बांधकामाने लोकांना इजा होईल अशी स्थिती असेल तर कार्यकारी दंडाधिकारी मालकाला ते दुरुस्त करायला, आधार द्यायला किंवा पाडायला सांगू शकतात. पुन्हा तेच: यात 'पाडा' हाही पर्याय आहे, तेव्हा वकिलाशी बोलून.


रोखठोक

ठीक, भाडं बंद करण्याचं मागे घेतो. पण एकशे ऐंशी रुपये घेऊन कोट्यवधींची जमीन अडवायची आणि वर मालकाने तुळई बदलायची, यात मालकाची बाजू कोणी मांडणारच नाही का? माझ्या मामांचा असाच वाडा आहे. मिळकतकर भरून हातात काही उरत नाही.


पागोळी

मांडतो की. भाडं गोठलेलं आहे आणि वर्षाला ४ टक्के वाढ मिळून ते कुठेच पोचत नाही, हे खरं. तुमच्या मामांनी भाडेकरूंना बोलावून 'खर्च अर्धा-अर्धा करू, भाडं वाढवू, लिहून घेऊ' असं म्हटलं तर दहातले आठ हो म्हणतील. आम्हीही म्हटलं असतं. कोणी विचारलं नाही. पण गोठलेल्या भाड्याचं भांडण सरकारशी आहे, ते काकूंच्या डोक्यावरच्या तुळईवर काढायचं नाही.


माडीवरची

किती लिहिलंत सगळ्यांनी! प्रिंट काढून सासूबाईंना वाचून दाखवलं. 'जिन्यातले दिवे' ऐकल्यावर त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

ओळंबा, स्क्रूड्रायव्हर भिंतीलगत मुठीपर्यंत गेला. काकू ओरडल्याच. आज संध्याकाळी प्रॉप आणि फळ्या भाड्याने आणून लावले. बळद आहे, पण देवघराखाली, स्वयंपाकघरात नाही. काकूंच्या सासऱ्यांनी बुजवलेलं. मोरी बंद केली, धुणं खाली अंगणातल्या नळावर. प्रॉपर्टी कार्डावर दोन वारसांची नावं निघाली, तिसऱ्यांचा पत्ता त्यांच्या पुण्यातल्या भावानेच फोनवर पटकन दिला, कशाला हवाय ते न विचारता. चौथ्या बाई लग्न होऊन गेलेल्या, आडनाव बदललेलं, त्यांचं अडलंय.

वर्गणीचा हिशेब पाच घरांना मांडून दाखवला. एका घराने लगेच अंग काढलं, बाकीचे तयार आहेत.

दोनच प्रश्न राहिले. चौथ्या वारसाला नोटीस पोचली नाही तर काम थांबवायचं का? आणि काकू विचारतायत, टेकू बरोबर ओट्यासमोर आलाय, पोळ्या लाटायला उभं राहता येत नाही. हातभर डावीकडे सरकवला तर चालेल का?


पागोळी

थांबवू नका. वाड्याच्या पत्त्यावर त्यांच्या माहेरच्या नावाने एक प्रत पाठवा, भाडं घेणाऱ्या भावामार्फत एक प्रत द्या आणि तशी पोच लिहून घ्या, एक प्रत दिंडी दरवाजावर चिकटवून फोटो काढा. बाकी वकील बघतील. अंग काढलेल्या घराची सही नोटिशीवर तरी घ्या. पैसे न देता सही देता येते.


ओळंबा

टेकू सरकवायचा नाही. शेगडी सरकवा.